चार्ली पार्करचा सॅव्हॉय-डायल संच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवसाला कुणीतरी हा जाडजूड डबा भेट देतं. हौसेनं पहिली सीडी लावली जाते. तीच धून लागोपाठ तीन-चार वेळा ऐकू येते, मधेच कुणीतरी वादन थांबवतं, पुन्हा तीच धून सुरू होते, आणि तासाभरात डबा कपाटावर जातो. तो पुन्हा खाली काढावासा वाटणाऱ्यांनी मला वेळोवेळी विचारलेले हे प्रश्न.

या संचात नेमकं आहे तरी काय?

अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा चार्ली पार्कर, टोपणनाव 'बर्ड', यानं १५ सप्टेंबर १९४४ ते २४ सप्टेंबर १९४८ या चार वर्षांत सॅव्हॉय आणि डायल या दोन छोट्या अमेरिकन कंपन्यांसाठी स्टुडिओत जे वाजवलं ते सगळं. २००० साली निघालेल्या पूर्ण संचात आठ सीडी आहेत. जमलेलं, फसलेलं, अर्ध्यात सोडलेलं, काहीही गाळलेलं नाही. त्या काळी बाजारात आलेले निवडक टेकच, म्हणजे एकेका धुनीचे निवडलेले प्रयत्नच, हवे असतील तर तीन सीडींचा वेगळा संच मिळतो.

ध्वनिमुद्रणाच्या काही बैठका दुसऱ्यांच्या नावावर आहेत. पहिलीच गिटारवादक टायनी ग्राइम्सची आहे. ऑगस्ट १९४७ ची ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची, आणि तिच्यात पार्करच्या हातात नेहमीचा अल्टो नसून खालच्या आवाजाचा टेनर सॅक्सोफोन आहे.

मग याला अल्बम म्हणायचं का?

म्हणतात सगळे, पण तसा तो नाही. लाँग प्ले तबकडी बाजारात आली १९४८ मध्ये, म्हणजे हे काम संपत आलं तेव्हा. यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूसाठी, सुमारे तीन मिनिटांत बसवून वाजवलेला आहे. आठ सीडी सलग ऐकाव्यात असं पार्करच्या मनातही आलं नसणार. त्यामुळे कंटाळा आला तर स्वतःला दोष देऊ नका. शब्दकोश कुणी पहिल्या पानापासून वाचायला घेत नाही.

बीबॉप म्हणजे काय, थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात जमणार नाही, पण प्रयत्न करतो.

तिशीच्या दशकात अमेरिकेत जॅझ म्हणजे नाचाचं संगीत होतं. पंधरा-सोळा जणांचे वाद्यवृंद, ठरलेली मांडणी, आणि एखाद्याला मधे चार ओळी एकट्यानं वाजवायची मुभा. यातलेच काही तरुण वादक काम संपल्यावर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'मिंटन्स प्लेहाउस'सारख्या ठिकाणी पहाटेपर्यंत स्वतःसाठी वाजवत. तिथे सगळा जोर त्या एकट्याच्या वादनावरच. पाच जण, भन्नाट लय, सुरुवातीला एक तुटक, वळणावळणांची धून दोघांनी मिळून वाजवायची, आणि मग एकेकानं सुटायचं. हेच बीबॉप, आणि पार्कर त्याचा म्होरक्या.

तान आपल्या कानाला नवी नाही, म्हणून पार्करचा वेग ऐकून आपण फार दचकत नाही. फरक खाली आहे. रागात सूर ठरलेले असतात आणि तान त्यांच्यातच फिरते. इथे पियानोवरची स्वरसंगती दर दोन-चार मात्रांना बदलते, आणि वरच्या प्रत्येक सुराला तिच्याशी हिशेब जुळवावा लागतो. मी तर म्हणेन, धावता धावता राग बदलत राहावा आणि तरीही समेवर यावं, असा हा मामला आहे. त्यात पार्कर समेवर येतोच असंही नाही. तो वाक्य आवर्तनाच्या मधेच कुठेतरी सुरू करतो, भलत्याच ठिकाणी तोडतो, आणि नंतर लक्षात येतं की त्याचा हिशेब चोख होता.

ठेकाही बदलला. आधी ड्रमवाला पायाखालच्या मोठ्या ढोलावर चारही मात्रा ठोकत असे. केनी क्लार्कनं तो पहारा वरच्या झांजेवर नेला आणि ढोल फक्त अधूनमधून धक्के द्यायला ठेवला. या संचात ते काम बहुतेक वेळा मॅक्स रोचकडे आहे. पार्करचा कंटाळा आला तर फक्त त्याच्याकडे कान द्या.

१९४४ च्या आधीचं काही का नाही?

पार्कर कॅन्सस सिटीच्या जे मॅकशॅनच्या वाद्यवृंदात असताना १९४१-४२ मध्ये डेका कंपनीसाठी वाजवलेलं थोडं आहे, पण ते या दोन कंपन्यांचं नाही म्हणून इथे नाही. खरी पोकळी त्यानंतरची आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादक संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रावर) तबकड्या वाजतात आणि वादकांचा रोजगार बुडतो, अशी तक्रार होती. डेका १९४३ मध्ये वाकली, व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. बीबॉप घडलं नेमकं याच काळात. १९४३ मध्ये पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी हे दोघंही अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात शेजारी बसत होते, आणि त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी निघाली नाही. त्यामुळे १९४५ मध्ये हे संगीत लोकांच्या कानावर पडलं तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखं वाटलं.

त्यात युद्धामुळे लाखेचा तुटवडा. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, आणि जगाची लाख मुख्यतः भारतातून, छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जायची. झाडावरच्या एका किड्यानं हार्लेमच्या संगीताला हातभार लावला, हे मला फार आवडतं.

सॅव्हॉय आणि डायल या कोणाच्या कंपन्या?

सॅव्हॉय न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या हर्मन लुबिन्स्कीची. तो मूळचा रेडिओच्या सुट्या भागांचा दुकानदार, आणि पैशाला चिकट म्हणून वादकांमध्ये प्रसिद्ध. डायल रॉस रसेलची. त्याचं हॉलिवूडमध्ये तबकड्यांचं दुकान होतं आणि १९४६ मध्ये त्यानं पार्करचं संगीत काढता यावं म्हणूनच कंपनी थाटली. एक व्यापारी, एक भक्त. भक्तानं पार्करला कमी त्रास दिला असं मात्र नाही. ते पुढे येईल.

एकच धून पाच-पाच वेळा का? हे ऐकायचं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते या संचाचा जीवही इथेच आहे.

तेव्हा अमेरिकन स्टुडिओत टेप नव्हती. वादन सरळ फिरत्या तबकडीवर कोरलं जाई. चूक झाली तर कापून जोडता येत नसे, पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागे. म्हणून प्रत्येक टेक म्हणजे एक अखंड प्रयत्न आहे.

२६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्कचा डब्ल्यूओआर स्टुडिओ. 'बिलीज बाउन्स' या बारा बारच्या ब्लूजचे पाच टेक आहेत (एक बार म्हणजे चार मात्रा, आणि ब्लूज हा आफ्रिकन-अमेरिकन लोकसंगीतातून आलेला साचा). सुरुवातीच्या टेकमध्ये पार्करची रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या फुंकायच्या टोकाची पट्टी, चिरकते, स्पष्ट ऐकू येतं. ट्रंपेटवर एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस आहे, जपून पावलं टाकणारा. पाचवा टेक तबकडीवर गेला. आता हे सगळे टेक एका बैठकीत ऐका, पण मुख्य धून सोडून फक्त पार्करचा सोलो ऐका. तो स्वतःचीच नक्कल करत नाही. काही तुकडे परत येतात, ते त्याचे हातखंडे आहेत, पण ते वेगळ्या जागी बसतात, वेगळ्या टोकाला जोडले जातात. पुलाव तोच, पण दर वेळी वेलदोडा दुसऱ्या घासात सापडतो.

सुचेल तसं वाजवणं म्हणजे शून्यातून काढणं, असा आपला समज असतो. या टेकमधून दिसतं ते निराळं आहे. तयारी प्रचंड, साठा प्रचंड, आणि त्यातलं काय कधी काढायचं याचा निर्णय त्या क्षणाचा. आपल्याकडे रियाज ऐकलेल्याला हे सांगावं लागत नाही.

एक सूचना. एका धुनीचे सगळे टेक ऐकले की त्या दिवशी थांबा. दुसरी धून दुसऱ्या दिवशी.

यातल्या कितीतरी धुनी ओळखीच्या वाटतात. चोरी आहे का?

अर्धी. पार्कर जुन्या लोकप्रिय गाण्याच्या खालची स्वरसंगती ठेवायचा आणि वरची चाल फेकून नवी घालायचा. 'ऑर्निथॉलॉजी'च्या खाली 'हाउ हाय द मून' आहे, 'डॉना ली'च्या खाली 'इंडियाना', 'थ्रायव्हिंग ऑन अ रिफ'च्या खाली संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं 'आय गॉट रिदम', 'को-को'च्या खाली रे नोबलचं 'चेरोकी'. चालीचा हक्क असतो, स्वरसंगतीचा नाही. त्यामुळे कंपनीचे पैसेही वाचायचे.

'को-को'चा पहिला टेक याचा पुरावा आहे. सुरुवातीचा तुकडा संपतो, मंडळी सरळ 'चेरोकी'ची चाल वाजवू लागतात, आणि लगेच वादन थांबवलं जातं. सॅव्हॉयला मूळ गाण्याचे पैसे भरायचे नव्हते, असंच त्याचं कारण सांगितलं जातं. दुसऱ्या टेकमध्ये चाल गायब. सुरुवातीच्या तुकड्यावरून पार्कर थेट सोलोत उडी मारतो. कंजुषीतून इतकं चांगलं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

उलटा प्रकारही आहे. ऑक्टोबर १९४७ च्या डायलच्या बैठकीत 'एम्ब्रेसेबल यू' या गाण्याचं नाव कायम ठेवलंय, पण गर्श्विनची चाल पार्कर जवळपास वाजवतच नाही. सहा सुरांचा एक इवलासा तुकडा घेतो आणि त्यातूनच सगळं उलगडतो.

आणि चोरी पार्करचीही झाली. 'नाउज द टाइम'ची साधी, घोळवलेली धून १९४९ मध्ये सॅव्हॉयनंच काढलेल्या पॉल विल्यम्सच्या 'द हकलबक' या तुफान चाललेल्या नाचाच्या गाण्यात जशीच्या तशी आली. संगीतकार म्हणून नाव लागलं अँडी गिब्सनचं.

'को-को'त ट्रंपेट माइल्सची आहे का?

नाही, डिझी गिलेस्पीची. ती सुरुवात माइल्सला तेव्हा झेपणारी नव्हती, आणि तसं त्यानं स्वतःच पुढे मोकळेपणानं सांगितलंय. ठरलेला पियानोवादक बड पॉवेल आलाच नव्हता, म्हणून डिझी त्या दिवशी पियानोवरही बसला. मूळ तबकडीवर पियानोवादकाचं नाव 'हेन गेट्स' छापलंय. हे डिझीचंच सोंग. त्याचा करार दुसरीकडे होता.

'लव्हर मॅन' इतकं विस्कटलेलं का वाटतं? माझी सीडी खराब आहे का?

सीडी ठीक आहे. माणूस विस्कटलेला होता.

डिसेंबर १९४५ मध्ये पार्कर डिझीबरोबर लॉस एंजेलिसला गेला. बाकीचे परतले, तो मागे राहिला. हेरॉइनचं व्यसन त्याला पोरवयापासून होतं, आणि तिथे पुरवठा आटला. २९ जुलै १९४६ ला हॉलिवूडच्या स्टुडिओत तो आला तेव्हा दारूवर तग धरून होता, उभं राहणं कठीण. उपस्थित डॉक्टरनं फेनोबार्बिटॉल या गुंगीच्या औषधाच्या गोळ्या दिल्या. 'लव्हर मॅन'ची पियानोची सुरुवात होते आणि सॅक्सोफोन यायचा तिथे येतच नाही. मग येतो तो उशिरा, तुटक, जणू एकेक सूर उचलून ठेवतोय. त्याच रात्री हॉटेलात त्याच्या खोलीला आग लागली, त्याला अटक झाली, आणि पुढचे सहा महिने कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात गेले.

रसेलनं ती तबकडी काढली. पार्करनं याबद्दल त्याला कधी माफ केलं नाही, आणि १९५१ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी तेच गाणं पुन्हा, धड वाजवलं. या वादनात उघडं पडलेलं दुःख आहे म्हणून ते थोर, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते ऐकवत नाही. आजारी माणसाच्या खोलीचं दार उघडं राहिलंय आणि आपण आत बघतोय, असं वाटतं. तुम्ही एकदा ऐका आणि लगेच फेब्रुवारी १९४७ चं 'रिलॅक्सिन ॲट कॅमारिलो' लावा. इस्पितळातून सुटल्याला महिनासुद्धा झालेला नाही, आणि धून बघा कशी उड्या मारतेय.

धुनींची नावं अशी विचित्र का?

काही घरगुती आहेत. 'डॉना ली' हे बासवादक कर्ली रसेलच्या मुलीचं नाव, आणि ती धून माइल्सनं आपली असल्याचं सांगितलंय. 'शेरिल' ही माइल्सची मुलगी. काही पक्ष्यांची, टोपणनावामुळे. 'मूस द मूच' हा मात्र लॉस एंजेलिसमधला पार्करला गर्द पुरवणारा इसम. पार्करनं आपल्या डायलच्या मानधनाचा अर्धा वाटा त्याला रीतसर लिहून दिला होता. 'क्लॅक्टोव्हीडसेडस्टीन'चा अर्थ लावायच्या फंदात पडू नका.

आवाज खरखरतो. चांगली आवृत्ती नाही का?

स्वच्छ केलेल्या आवृत्त्यांमध्येही थोडी खरखर राहणारच. बास ढोबळ ऐकू येतो, ड्रम मागे. हेडफोनपेक्षा साध्या स्पीकरवर, मध्यम आवाजात ऐका. एवढं सांगितलं की पुरे.

कुठून सुरुवात करू?

'यार्डबर्ड सूट', २८ मार्च १९४६. गोड आहे, गुणगुणता येतं, आणि घाबरवत नाही. त्याच बैठकीतला 'फेमस अल्टो ब्रेक' लगेच ऐका. 'अ नाइट इन ट्युनिशिया'चा एक टेक फसला, पण त्यात साथ थांबते आणि पार्कर चार बार एकटा जातो तो तुकडा असा काही झाला की रसेलनं मिनिटाच्या आतबाहेरचं ते शकल जपून ठेवलं आणि पुढे वेगळं काढलं. मग 'नाउज द टाइम'. मग 'स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल'. 'को-को' आठवड्यानंतर.

ॲपवर फुकटात मिळत असताना सीडी कशाला?

घेऊ नका, मीही हल्ली ॲपवरच ऐकतो. अडचण एकच. तिथे टेकची सरमिसळ असते, तारखा गायब असतात, वादकांची नावं नसतात, आणि 'शफल' चालू असेल तर पाचवा टेक पहिल्याच्या आधी येतो. एका कागदावर बैठकांच्या तारखा लिहून ठेवा आणि त्या क्रमानं यादी करा. रविवारची एक दुपार पुरते.

१९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार होता ना? मग सप्टेंबरमधली ध्वनिमुद्रणं कशी?

होता, १ जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. गुपचूप केली.

त्या काळचे बाकीचे सॅक्सोफोनवाले कुठे ऐकायचे?

याच दोन कंपन्यांच्या इतर संकलनांत. टेनरवर डेक्स्टर गॉर्डन आधी. १९४५-४६ ची सॅव्हॉयची त्याची ध्वनिमुद्रणं भरदार आणि आळसावलेली आहेत, मात्रेच्या किंचित मागे रेलून चालणारी. जून १९४७ मध्ये डायलसाठी त्यानं आणि वॉर्डेल ग्रेनं 'द चेस' ही जुगलबंदी केली. ती एका बाजूत मावली नाही, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरली. आपल्या रसिकांना पहिल्या ऐकण्यातच आवडणारी चीज बहुधा हीच, कारण सवाल-जवाब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जुलै १९४६ चा स्टॅन गेट्झ ऐका, तेव्हा तो जेमतेम एकोणीसचा होता. बॅरिटोन या आणखी खर्जातल्या सॅक्सोफोनवर लिओ पार्कर, ज्याचं चार्लीशी नातं नाही. आणि हे सगळे कुणाच्या खांद्यावर उभे आहेत ते कळायला लेस्टर यंग आणि कोलमन हॉकिन्स. हॉकिन्सनं तर फेब्रुवारी १९४४ मध्ये डिझीला सोबत घेऊन या नव्या पोरांचं संगीत स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रित केलं, वयाची चाळिशी जवळ आलेली असताना. असे वडीलधारे सगळ्यांना मिळोत.

मुंबई-गोव्यात या संगीताचा काही माग लागतो का?

थेट नाही. चाळिशीच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक वाजवत होते, पण त्यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग, म्हणजे आधीची पिढी. बीबॉपच्या वळणाचा सॅक्सोफोन नंतर आला, गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसच्या हातून. आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेला सनी रॉलिन्स आला होता, हार्लेममध्ये पार्करला दैवत मानत वाढलेला मुलगा.

स्टुडिओबाहेर, मैफलीत पार्कर कसा वाजवायचा?

जास्त लांब आणि जास्त बेफाम. तीन मिनिटांची अट नव्हती. डीन बेनेडेटी नावाचा एक सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये यंत्र घेऊन क्लबांत जायचा आणि पार्कर वाजवत असेल तेवढ्यापुरतंच ते चालू ठेवायचा. बाकीच्यांची पाळी आली की बंद. तेही १९९० मध्ये सात सीडींत निघालं. पण ते म्हणजे निव्वळ ताना कापून ठेवलेली मैफल. या संचातल्या तीन मिनिटांत निदान घराला चार भिंती आहेत.

सगळ्यातला एकच तुकडा ठेवायचा झाला तर?

'पार्कर्स मूड', १८ सप्टेंबर १९४८. विलंबित ब्लूज. पियानोवर जॉन लुइस, बासवर कर्ली रसेल, ड्रमवर रोच. माइल्स या तुकड्यात नाही. आधी बसवलेली धूनच नाही. सुरुवातीला सॅक्सोफोन एक आरोळी देतो, लांबून कुणाला तरी हाक मारावी तशी. मग पियानो शांतपणे रस्ता दाखवतो आणि पार्कर बोलायला लागतो. बोलायलाच, कारण यात वेग दाखवायचा हट्ट नाही, आणि मधे एखादी झपकन गेलेली तान येते तीही बोलता बोलता हात हलवावा तशी. जॉन लुइसची एक फेरी होते, पार्कर परत येतो, आणि शेवटी तीच सुरुवातीची आरोळी पुन्हा. तो गेला १२ मार्च १९५५ ला, चौतिसाव्या वर्षी. देह पाहून डॉक्टरनं वय पन्नाशीच्या पुढचं धरलं होतं. हे वादन केलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.